बटणं चिकटली, दोष कुणाचा?



पावसाळा सरत आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचे विषय ठरलेले असतात. पापडाला आलेली बुरशी, कपाटातल्या साड्यांचा कुबट वास, डाळीतले पोरकिडे. यंदा मात्र रायगड जिल्ह्यातून दोन पत्रं आली ती अगदी निराळ्या विषयावर. एक पेणचं, दुसरं रोह्याचं. लिहिणाऱ्या एकमेकींना ओळखतही नसतील, पण दोघींचं दुखणं एकच आहे.

पेणच्या भगिनी लिहितात, “भिशी लागली तेव्हा इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी घेतली. सगळे उठायच्या आत अर्धा तास तिच्यासमोर बसते, तेवढाच काय तो माझा वेळ. यंदा पेटीची बटणं गूळ लागल्यासारखी चिकट झाली आहेत. सासूबाई म्हणतात, पोरांचे खाऊचे हात लागले, तुझं लक्ष नाही. हे म्हणतात, दे भंगारात, मोबाइलवर फुकट तानपुरा मिळतो.”

रोह्याचं पत्र जास्त गंभीर आहे. तिथल्या एका महिला भजनी मंडळाने वर्गणी काढून कीबोर्ड घेतला. तो एका सभासद बाईंच्या घरी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर ठेवलेला असे. गणपतीतल्या भजनांसाठी खाली काढला, तर वरची रबरी बटणं चिकट, काळपट, आणि तीन-चार दाबली तरी ढिम्म. “तुमच्या घरी होता, तुम्हीच भरून द्या,” असं कुणीतरी बोलून गेलं. इतकी वर्षं शेजारी बसून टाळ वाजवणाऱ्या त्या बाई मंडळात यायच्याच बंद झाल्या.

म्हणून आधी निकाल सांगते आणि मग उपाय. दोष पोरांचा नाही, पेणच्या सुनेचा नाही आणि रोह्याच्या त्या बाईंचाही नाही.

चिकटपणा येतो कुठून?

हल्लीच्या पुष्कळ वस्तूंवर हाताला मखमलीसारखा मऊ लागणारा एक रबरी लेप असतो. रेडिओ, रिमोट, कीबोर्डची बटणं, फिरवायचे नॉब, अगदी केस वाळवायच्या यंत्राची मूठसुद्धा. आत साधं कडक प्लास्टिक आणि वर रंगासारखा पातळ थर. दुकानात हात लावला की वस्तू भारी वाटते. हा लेप बहुतेक वेळा पॉलियुरेथेन जातीचा असतो, आणि पाणी हा त्याचा वैरी. हवेतला ओलावा त्यात हळूहळू शिरतो आणि ज्या लांब साखळ्यांनी तो पदार्थ बनलेला असतो त्या तोडत जातो. साखळ्या तुटल्या की घट्ट लेपाची चिकट राब होते. पावसाळ्यात उघडी राहिलेली चिक्की पाझरते ना, दिसायला तसंच. फरक एवढाच की चिक्की नुसतं पाणी ओढून घेते, इथे मूळ पदार्थच मोडतो. तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

हे वापराने होतं असंही नाही. न वापरता ठेवलेल्या वस्तूचंही होतं. लग्नकार्यासाठी जपून ठेवलेली सँडल चार वर्षांनी पायात घातली आणि मांडवातच तिचा तळवा भुगा होऊन पडला, असं तुमच्यापैकी कितीतरी जणींचं झालं असेल. तो तळवाही याच पॉलियुरेथेनचा. आपल्या कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज असते. पुण्याच्या नणंदेकडे जी वस्तू दहा वर्षं टिकते, ती पेण-रोह्यात लवकर मान टाकते ती यामुळे.

आणि स्वस्तातलं घेतलं म्हणून असं झालं, असंही कुणी म्हणू नये. १९९० नंतरच्या कित्येक फेरारी मोटारींच्या आतली बटणं अशीच चिकट झाली आणि ती साफ करून देणं हा परदेशात एक धंदाच होऊन बसला. मोठमोठ्या वस्तुसंग्रहालयांतही पॉलियुरेथेनच्या वस्तू सांभाळणं ही डोकेदुखीच मानतात. तिथे कुणी खाऊचे हात लावायला जात नाही!

आधी दुखणं ओळखा

बटणांची दुखणी तीन प्रकारची असतात. वाद्य बंद करा, प्लग काढा, सेल काढा आणि नीट उजेडात बघा.

पहिलं दुखणं: बोटाला चिकटतं आणि नखाने खरवडलं तर काळा थर निघून खाली कडक प्लास्टिक दिसतं. हा लेप गेलेला आहे. तो वाचवायचा नाही, काढूनच टाकायचा.

दुसरं: बटण चिकट नाही, पण दाबूनही काम करत नाही, किंवा फार जोर लावावा लागतो. इथे बिघाड आतला आहे. कीबोर्डच्या बटणांखाली सिलिकॉन रबराची एक पट्टी असते आणि प्रत्येक बटणाखाली काळी टिकली. ती टिकली खालच्या पट्टीला टेकली की वीज जोडली जाते. मध्ये धूळ, ओल किंवा तेलकट थर आला की बटण मुकं होतं.

तिसरं: जुन्या कॅसेट प्लेअरचं. बटणं ठणठणीत, पण कॅसेट फिरत नाही किंवा गाणं रडत येतं. आतला रबरी पट्टा सैल पडलेला असतो किंवा डांबरासारखा वितळलेला असतो. पापडाच्या पुडीला लावलेला रबरबँड वर्षभराने पुडीलाच चिकटून बसतो, त्यातलाच हा प्रकार. पट्टा बदलला की बहुतेक वेळा यंत्र चालू होतं. आजेसासऱ्यांच्या आवाजातल्या अभंगाची कॅसेट घरात असेल, तर यंत्र फेकण्याआधी हे जरूर करून बघा.

लेप कसा काढायचा

औषधांच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मागा, आयपीए म्हटलं तरी कळतं. जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा त्यात ओलसर करा. ओला चिंब नको, आणि बाटली थेट वाद्यावर तर कधीच ओतू नका. आधी मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी लावून बघा. मग एकेका बटणावर एकाच दिशेने पुसत जा आणि तुकडा काळा झाला की बदला. फटीतलं काढायला कानातल्या कापसाची काडी चालते. काम वेळखाऊ आहे, डाळ निवडायला बसतो तसं बसायचं. शेवटी खालचं कडक, गुळगुळीत प्लास्टिक वर येतं आणि ते पुढे वर्षानुवर्षं चालतं.

एक सावधगिरी. बटणांवरची अक्षरं लेपाबरोबर निघून जाऊ शकतात. म्हणून आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, नंतर छोट्या चिकटपट्ट्यांवर नावं लिहून लावता येतात. हे काम खिडकी उघडून करा. देवघरातला दिवा, गॅस जवळ नको, अल्कोहोल भडकन पेटतं.

मुकी बटणं असतील तर वाद्य खोलावं लागतं. हे काम माहीतगार मेकॅनिककडूनच करून घ्या. रबरी पट्टी बाहेर काढली की ती कोमट पाण्यात साध्या साबणाने धुऊन पूर्ण एक दिवस सावलीत वाळवायची, काळ्या टिकल्या मात्र घासायच्या नाहीत. टिकल्याच झिजल्या असतील तर त्यांच्यावर लावायचा खास रंग मिळतो, नाहीतर पट्टी बदलायची. एवढ्यासाठी अख्खा कीबोर्ड टाकायचं कारण नाही.

हे मात्र करू नका

नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर लावू नका. लेपाबरोबर खालचं प्लास्टिकही विरघळतं. रॉकेल, पेट्रोल तर घरात अशा कामाला नकोच. टाल्कम पावडर टाकली की दोन दिवस बरं वाटतं, मग तिची राब होऊन फटीत बसते. खोबरेल तेलाने चिकटपणा वाढतो. आणि उन्हात वाळवणं हा पापडाचा उपाय आहे, रबराचा नाही. कडक उन्हाने रबर आणखी लवकर मरतं.

पावसाळ्याआधी

पेणच्या पोह्याच्या पापडांची ख्याती आहे, तेव्हा तिथल्या बायकांना मी वेगळं काय सांगणार? पापड खडखडीत वाळल्याशिवाय आपण डब्याचं झाकण लावत नाही. वाद्याचंही तेच. मे महिन्यात कोरड्या फडक्याने पुसा, पंख्याखाली दिवसभर ठेवा आणि मग सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकची पिशवी आत आलेली ओल कोंडून धरते. डबा किंवा पेटी घट्ट बसणारी असेल तर आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या दर महिन्याला बदला. माळ्यावर पत्र्याच्या जवळ ठेवू नका. सेल काढून ठेवा, ते पाझरले तर दुरुस्तीचा खर्च बटणांपेक्षा जास्त येतो. आणि पंधरा दिवसांतून एकदा वाद्य बाहेर काढून तासभर वाजवा. हवा लागते आणि बिघाड वेळेवर कळतो.

नवीन घेताना

वॉरंटी बहुधा वर्षाची आणि लेप खराब होतो चार-सहा वर्षांनी, त्यामुळे खरी लढाई दुकानातच लढायची. बंगळुरूच्या राडेलचे जी. राज नारायण यांनी १९७० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक तानपुरा घडवला, तो गाणाऱ्यांच्या रोजच्या वापरासाठी. अशी वस्तू घेताना मखमली स्पर्शाला भुलू नका. बटणं कडक प्लास्टिकची आहेत का, बटणांची पट्टी सुटी मिळते का, दुरुस्ती कुठे होते, हे विचारा. दुकानदार जे आश्वासन देईल ते पक्क्या बिलावर लिहून घ्या. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, तिथे काही कंपन्यांच्या सुट्या भागांची माहिती मिळते. वॉरंटीत बिघाड होऊनही दाद मिळाली नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. अलिबागला जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, आणि वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही.

आता दोन्ही पत्रांना उत्तर. पेणच्या ताई, पेटी भंगारात देऊ नका. मोबाइलवरचा तानपुरा वाईट नाही, पण मधेच कुणाचा तरी फोन येतो आणि सूर तुटतो. पेटी तुमच्या भिशीची आहे, तिच्यावर दुसऱ्या कुणाचा फोन येत नाही. एक दुपार काढा आणि लेप पुसून टाका. सासूबाईंनाही शेजारी बसवा, काळा झालेला कपडा त्यांना दिसू दे.

आणि रोह्याच्या मंडळाला सांगणं असं. दुरुस्तीचा खर्च मंडळाच्या शिलकीतून करा, आणि पुढे वाद्य दर तीन महिन्यांनी वेगळ्या घरी ठेवा, म्हणजे सांभाळायचं काम एकीवर पडणार नाही. पण त्याआधी चौघीजणी मिळून त्या बाईंच्या घरी जा. वस्तू आपोआप खराब झाली, तुमच्यामुळे नाही, हे त्यांना तोंडाने सांगा. कीबोर्डची बटणं मेकॅनिक दुरुस्त करील, हे काम मात्र तुम्हालाच करावं लागेल.