पाटीवरून गेलेली गावं
आर्मेनियातलं ग्युम्री 1837मध्ये झारच्या राणीवरून अलेक्सांद्रोपोल झालं, लेनिन वारल्यावर 1924मध्ये लेनिनाकान, आणि सोव्हिएत संघ मोडला तेव्हा पुन्हा ग्युम्री. 7 डिसेंबर 1988च्या भूकंपात हजारो माणसं गेली ती लेनिनाकानची म्हणून. जवळचं काराकिलिसा आधी किरोवाकान झालं, मग वानाद्झोर. झारची, पुढाऱ्यांची नावं गेली याचं मला दुःख नाही. ती वरून लादलेलीच होती. जीव तुटतो तो खेड्यांसाठी. 1988नंतर आर्मेनियातून अझरबैजानी कुटुंबांना जावं लागलं आणि त्यांच्या कित्येक गावांची जुनी नावंही पुसली गेली. तुर्कस्तानात आर्मेनियन गावांचं त्याआधीच तेच झालं होतं. तिथल्या 1915च्या आर्मेनियन नरसंहारातून वाचलेल्यांनी मात्र येरेवानमध्ये आपल्या सुटलेल्या गावांची नावं जपली: अराबकीर, मलातिया, सेबास्तिया. त्या वस्त्या आजही याच नावांनी ओळखल्या जातात. हे दुःख ज्यांनी स्वतः भोगलं, त्यांनी तरी दुसऱ्यांच्या गावांची नावं पुसायला नको होती. निदान नकाशावर नव्या नावाखाली जुनंही छापा. त्या गावांत जन्मलेली माणसं अजून हयात आहेत.