घाट पेशव्यांनी बांधला, मग जोतीरावांची कंपनी काय करत होती?

वाराणसीहून परतलेल्या मराठी माणसाच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : काशीचे निम्मे घाट आपल्याच लोकांनी बांधलेत. मग यादी सुरू होते. शिंदे घाट, भोसले घाट, अहिल्याबाईंनी उभारलेलं विश्वनाथाचं देऊळ, आणि पंचगंगा घाटाजवळचा बालाजी घाट. हा शेवटचा थोरल्या बाजीराव पेशव्याच्या नावावर आहे, १७३५च्या आसपासचा सांगतात. याच घाटावरच्या बालाजी मंदिरात बिस्मिल्ला खान वर्षानुवर्षं शहनाईचा रियाज करायचे. अभिमानाच्या यादीत ते मात्र बहुधा येत नाहीत.

मला या वाक्यातल्या क्रियापदाबद्दल बोलायचं आहे. 'बांधला.' कोणी? आपल्या भाषेत ज्याने पैसे दिले तो बांधतो. ज्याने दगड फोडला, घडवला, पाठीवरून नदीकाठी उतरवला, तो नुसता 'कामाला होता'. आणि पैसे तरी कुणाचे? पेशवा काही दगडाच्या खाणीत राबत नव्हता. रयतेने भरलेला सारा आणि मुलखामुलखातून उकळलेली चौथाई पुण्याच्या खजिन्यात आली, तिथून थोडी पुण्यसंचयासाठी काशीला गेली. घामाचा रुपया वर जाता जाता पुण्य होतो आणि त्यावर नाव पेशव्याचं लागतं. या व्यवहाराला इतिहासाच्या पुस्तकांत 'दानशूरपणा' म्हणतात.

बांधकामाचा हाच हिशेब उलटा मांडणारा एक माणूस पुण्यातच होऊन गेला, आणि तो स्वतः बांधकाम कंत्राटदार होता. जोतीराव फुले.

बहुतेकांना जोतीराव माहीत असतात ते १८४८ची मुलींची शाळा, १८६८ साली अस्पृश्यांसाठी खुला केलेला घरचा हौद आणि 'गुलामगिरी' यांमुळे. 'पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी' हे नाव घेतलं की समोरचा चमकतो. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल, खडकवासला धरणासाठीचा मालपुरवठा ही कामं त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवून ठेवली आहेत. दगड, चुना, मजूर आणि सरकारी बिलं यांच्याशी या माणसाचा अनेक वर्षं रोजचा संबंध होता. समाजशास्त्राच्या एका चर्चासत्रात मी हे मांडलं तेव्हा एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी प्रेमाने सांगितलं, "हे ठीक आहे, पण हा तपशील झाला. आपण विचारांबद्दल बोलू." विचार जणू कंत्राटाच्या बाहेर, झाडाखाली बसून सुचतात!

उलट आहे. 'गुलामगिरी'ला जोडून जोतीरावांनी इंजिनिअर खात्यातल्या ब्राह्मण नोकरांच्या लबाडीवर एक पवाडा लिहिला. शिक्षणखात्यावरचा पवाडा सगळे सांगतात, हा कमी सांगतात. त्यातली रचना ज्याने साइट पाहिली आहे त्यालाच सुचेल. वर गोरा साहेब, त्याला भाषा येत नाही आणि चौकशीची सवड नाही. खाली कुणबी, माळी, महार मजूर, त्यांना अक्षर येत नाही. मधे हजेरी, मोजमाप आणि बिल या तिन्हींवर ज्याची लेखणी चालते तो कारकून. पैसा कुठे गळतो ते या मधल्या जागेत. धर्मग्रंथ न उघडताही ब्राह्मण्य कसं चालतं, हे जोतीरावांनी हजेरीपटात पाहिलं. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ते पाटबंधाऱ्यांबद्दल, इंजिनिअरांच्या पगारांबद्दल आणि शेताला न मिळणाऱ्या पाण्याबद्दल इतक्या तपशिलाने लिहितात, ते सरकारी बांधकाम आतून पाहिलं होतं म्हणून.

आणि ते एकटे नव्हते. २४ सप्टेंबर १८७३ला सत्यशोधक समाज स्थापन झाला, त्याला मुंबईतून पैसा आणि माणसं पुरवणाऱ्यांत रामय्या व्यंकय्या अय्यावारू, व्यंकू बाळाजी कालेवार, जाया कराडी लिंगू ही तेलुगूभाषक कामाठी मंडळी होती. वाढत्या मुंबईच्या इमारती उभ्या करणारा हा समाज. कामाठीपुऱ्याचं नाव त्यांच्यावरून पडलं आणि आज ते नाव कशासाठी उच्चारलं जातं ते आपण जाणतो. ब्राह्मणेतर चळवळीचा पाया घालणाऱ्या पैशात दगडमातीच्या कामाचा वाटा होता. तरी 'मराठी उद्योजकतेचा इतिहास' म्हणून जे छापलं जातं ते सुरू होतं किर्लोस्करवाडीपासून, नाहीतर वालचंद हिराचंदांपासून.

वालचंदांबद्दल राग नाही. सोलापूरच्या व्यापारी जैन घरातला हा तरुण लक्ष्मण बळवंत फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाबरोबर भागीदारीत उतरला. सुरुवात बार्शी लाईट रेल्वेच्या येडशी-तडवळे टप्प्याच्या कामाने. पुढे भोर घाटातले बोगदे, १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी, कोयना धरण, २००९ साली खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू, आणि लवासा, जिचं दिवाळखोरीचं प्रकरण २०१८ साली कंपनी न्यायाधिकरणात गेलं. ही सगळी वाढ चरित्रांत 'जिद्द' या एका शब्दात बसवतात. मला मात्र 'फाटक-वालचंद' या नावातली आडवी रेघ जास्त बोलकी वाटते. एका बाजूला सावकारी-व्यापारी भांडवल, म्हणजे अनामत भरायची ऐपत. दुसऱ्या बाजूला रेल्वेच्या कचेरीत निविदा, दर आणि साहेबाचा स्वभाव ओळखणारा कारकुनी अनुभव. पैसा आणि लेखणी. जातीने पिढ्यान् पिढ्या राखून ठेवलेल्या या दोन गोष्टी एकत्र आल्या की कंपनी होते. जिद्द तर खडी फोडणाऱ्या वडाराकडेही होती.

भोर घाटाचंच घ्या. वालचंदांच्या आधी, १८५६ ते १८६३मध्ये तिथे पहिला रेल्वेमार्ग झाला. जानेवारी १८६१मध्ये बेचाळीस हजारांवर मजूर त्या घाटात राबत होते. मजुरी थकली म्हणून १८५९ साली दंगा झाला, ठेकेदार फॅव्हिएलने काम सोडलं, पुढचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल येताच वारला आणि त्याची बायको ॲलिस हिने ठेका पुढे चालवला. या तिघांची नावं आपल्याला सहज सापडतात. कॉलऱ्याने आणि दरडींनी जे हजारो मेले त्यांची कुठे लिहून ठेवली आहेत?

येडशी-तडवळ्यावरून आठवलं. त्याच कसबे तडवळ्यात १९४१च्या फेब्रुवारीत बाबासाहेबांनी महार-मांग वतनदार परिषद घेतली. वतनाच्या नावाखाली फुकट राबवून घेण्याविरुद्धची ती लढाई. रेल्वेचा रूळ गावात पोहोचून तीन दशकं उलटली होती, वेठ तशीच होती. विकास आला की जात जाईल, असं सांगणाऱ्यांनी या गावाचा नकाशा भिंतीला लावावा.

आता आजकडे. सरकारी बांधकामाचं कंत्राट मिळवायला काय लागतं? अनामत रक्कम, बँक हमी, मागच्या वर्षांची उलाढाल आणि 'तत्सम काम' केल्याचा दाखला. काम मिळायला आधी काम केलेलं असावं लागतं. ज्याच्या बापाने किंवा सासऱ्याने केलं आहे, त्याचं भागतं. केंद्राच्या २०१२च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी चार टक्के खरेदी राखली आहे. पण हे धोरण वस्तू आणि सेवांचं आहे, बांधकामाची कंत्राटं त्याच्या बाहेर. सर्वांत मोठा पैसा जिथे वाहतो तिथेच बांध घातला. कर्नाटकाने आधी पन्नास लाखांपर्यंतच्या आणि पुढे एक कोटीपर्यंतच्या सरकारी कामांत अनुसूचित जाती-जमातींच्या कंत्राटदारांसाठी आरक्षण ठेवलं. उठताबसता फुले-शाहू-आंबेडकर म्हणणाऱ्या महाराष्ट्राला तो कायदा वाचायला वेळ मिळालेला दिसत नाही.

पण मग उत्तर 'दलित भांडवलशाही' का? सांगली जिल्ह्यातल्या पेडचे अशोक खाडे आणि त्यांचे भाऊ यांनी समुद्रातल्या तेलफलाटांची कामं करणारी 'दास ऑफशोअर' उभी केली, याचा मला आनंदच आहे. मात्र त्यांची गोष्ट सांगताना एक दुवा गाळू नका : हे भाऊ हुनर शिकले माझगाव डॉकमध्ये, सरकारी गोदीत. फाटकांना रेल्वेने जे दिलं ते खाडेंना सार्वजनिक क्षेत्राने दिलं. ते क्षेत्र आटवायचं, कायमच्या नोकऱ्या ठेक्यावर द्यायच्या आणि वर दलित तरुणाला 'नोकरी मागू नको, नोकरी देणारा हो' असं सांगायचं, ही थट्टा आहे.

आणि जोतीरावांना 'पहिले बहुजन उद्योजक' म्हणून फ्लेक्सवर चढवणाऱ्या आपल्याच मंडळींशीही माझं भांडण आहे. त्यांनी कंपनी काढली हे सांगायचं आणि कंपनीत बसून त्यांनी हजेरीपटावर लिहिलं हे गाळायचं, असं चालणार नाही. त्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना बांधली. तिथेही क्रियापद तेच आहे, बांधली.

१९९६ साली बांधकाम कामगारांसाठी कायदा झाला, बांधकामाच्या खर्चावर किमान एक टक्का उपकर आला. हजारो कोटी जमले आणि पडून राहिले. या पैशातून लॅपटॉप आणि वॉशिंग मशिन घेतल्यावरून सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना फटकारावं लागलं. या पैशापर्यंत पोहोचायला मजूर नाक्यावरच्या बाईला मंडळात नोंदणी हवी, आणि नोंदणीला गेल्या वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र. ते देणार कोण? ठेकेदार. तोच कागद, तीच मधली जागा, फक्त आता त्या जागेवर कधी कधी आपलाही माणूस बसलेला असतो. आपल्या वस्तीत निळा झेंडा लावणारे, जयंतीला वर्गणी देणारे बांधकाम कंत्राटदार आता कमी नाहीत. त्यांच्याकडे जाऊन एवढंच विचारायचं आहे : दादा, यंदा तुमच्या साइटवरच्या किती बायांना नव्वद दिवसांचा दाखला सही करून दिलात?