बाळदम्याचा पंप गावातल्या आरोग्य केंद्रात मिळू द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : दमा असलेल्या मुलांना रोजचा पंप आणि स्पेसर मोफत मिळण्याबाबत

महोदय,

२०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सर्व कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. तिने अनेक घरे कर्जातून वाचवली आहेत. मात्र तिचा सारा रोख दाखल झालेल्या रुग्णावर आहे. दम्यासारख्या आजारात तिथेच गोची होते. मुलाची धाप इतकी वाढली की खाट लागली, तर सरकारचा पैसा येतो; ती वेळ येऊ नये म्हणून रोज घ्यायचे औषध आईवडिलांनी पदरच्या पैशांनी आणायचे. हा क्रम उलटा आहे. दम्याचे निदान झालेल्या प्रत्येक मुलाला प्रतिबंधक पंप आणि स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) घराजवळच्या सरकारी केंद्रात दर महिन्याला मोफत मिळावा, एवढीच या पत्रातली मागणी आहे.

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. साल्ब्युटामॉलचा पंप आकसलेल्या नळ्या काही तासांपुरत्या मोकळ्या करतो, पण सूज तशीच राहते. सूज उतरवतो तो ब्युडेसोनाइडसारख्या स्टिरॉइडचा पंप, आणि तो नेमाने घ्यावा लागतो. खर्चाचे गणित इथेच बिघडते. सकाळी दोन आणि रात्री दोन फवारे घेणाऱ्या मुलाला दोनशे फवाऱ्यांचा पंप पन्नास दिवस पुरतो. वर्षाला असे सात-आठ पंप, शिवाय स्पेसर, डॉक्टरांची फी, एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी. मूल बरे दिसू लागले की हातावर पोट असलेल्या घरात पहिली कात्री याच औषधाला लागते, कारण ते बंद केल्याचा परिणाम त्याच दिवशी दिसत नाही. काही घरांत पंप पुरवून पुरवून वापरतात. त्यातला धोका फारसा कोणी समजावून सांगत नाही : ज्या पंपावर फवारे मोजणारा आकडा नसतो, त्यातले औषध संपल्यावरही नुसता वायू फुसफुसत बाहेर येत राहतो. मूल औषध घेते आहे असे सगळ्यांना वाटत असते आणि छातीतली सूज वाढत असते. मग एका रात्री धावपळ, नेब्युलायझरची वाफ, ऑक्सिजन. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट रक्कम त्या एका रात्रीत जाते.

जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे तेरा टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत आपला वाटा चाळीस टक्क्यांहून अधिक असल्याचे २०१९ च्या जागतिक आजारभाराच्या अंदाजातून दिसते. रुग्णांच्या मानाने मृत्यू इतके जास्त असतील, तर उपचार पोहोचत नाहीत असाच त्याचा अर्थ निघतो. ते पोहोचवले तर काय होते, हे फिनलंडने दाखवले आहे. तिथे १९९४ पासून दहा वर्षे दम्याचे लवकर निदान आणि सुजेवरचे औषध यांवर भर देणारा कार्यक्रम चालला. त्या काळात दम्यामुळे रुग्णालयात काढाव्या लागणाऱ्या दिवसांची संख्या निम्म्याहून खाली आली. फिनलंड श्रीमंत देश आहे, हे खरे. पण आपल्यासारखीच विषमता असलेल्या ब्राझीलनेही २०१२ पासून दम्याची औषधे ‘फार्मासिया पॉप्युलार’ योजनेतून मोफत द्यायला सुरुवात केली.

यावर पहिला आक्षेप असा येईल की १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफतच आहेत. तो निर्णय स्वागतार्ह आहे. मात्र केसपेपर मोफत झाल्याने खर्च संपत नाही. पंप फक्त जिल्ह्याच्या ठिकाणी मिळणार असेल, तर पाड्यावरच्या आईला त्यासाठी दर वेळी एक दिवसाची मजुरी सोडावी लागते. आणि पंप मिळाला पण स्पेसर मिळाला नाही, तर लहान मुलाच्या बाबतीत बरेचसे औषध घशातच राहते. म्हणून मोफत उपचाराची कसोटी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषध कपाटात लागते.

दुसरा आक्षेप तिजोरीचा. ब्युडेसोनाइड आणि साल्ब्युटामॉल ही दोन्ही औषधे राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. एकत्र खरेदी करून दर खाली आणण्यासाठी राज्याने वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणही स्थापन केले आहे. स्पेसरचे तंत्र तर साधे आहे. अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीपासून केलेला स्पेसरही अॅटॅकच्या वेळी उपयोगी पडतो, हे दक्षिण आफ्रिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी १९९९ मध्ये चाचणी घेऊन दाखवले. इतकी साधी वस्तू पैशांअभावी अडून राहावी, हे पटणारे नाही.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : पालकांनाच पंप नको असतो. ‘पंपाची सवय लागते’, ‘स्टिरॉइडने वाढ खुंटते’ ही भीती खोलवर रुजली आहे. ती हसण्यावारी नेऊ नये. श्वासातून घेतलेल्या स्टिरॉइडचा उंचीवर थोडा परिणाम होऊ शकतो, पण तो साधारण एखाद्या सेंटिमीटरचा असतो. उलट दर अॅटॅकला पोटातून द्यावी लागणारी स्टिरॉइडे शरीराला कितीतरी जड जातात. सवय मात्र या औषधाची लागत नाही. हे पालकांना नीट सांगायला माणूस हवा, आणि तो औषध देणाऱ्या खिडकीशीच हवा. प्रत्येक खोकला म्हणजे दमा नव्हे, ही डॉक्टरांची शंकाही रास्त आहे. पण त्यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांत मुले तपासतात, आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत वारंवार धाप लागण्याचा आजार आहेच. संशयित मुले तिथे सापडावीत, निदान डॉक्टरांनी पक्के करावे आणि औषध गावाजवळच्या केंद्रात मिळावे.

यासाठी तीन गोष्टी कराव्यात. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषध यादीत मुलांचा प्रतिबंधक पंप आणि मास्कसह स्पेसर आणून त्याचा साठा सक्तीचा करावा. निदान झालेल्या मुलाला कार्ड देऊन महिन्याचे औषध लावून द्यावे आणि पंप कसा ओढायचा हे आरोग्यसेविकेने प्रत्यक्ष करून दाखवावे. आणि दम्यासाठी किती मुले दाखल झाली याचे आकडे तालुकानिहाय दर वर्षी जाहीर करावेत, म्हणजे खर्च सार्थकी लागला का हे सर्वांना तपासता येईल. मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जागतिक दमा दिन असतो. पुढच्या दमा दिनाच्या आत याचा शासन निर्णय निघावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नागरिक