घरची मुले आणि जमाखर्चाचा खेळ

२८ ऑक्टोबर २०१७ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला. स्पेनने प्रारंभीच दोन गोलांची आघाडी घेतली असता इंग्लंडच्या मुलांनी लागोपाठ पाच गोल करून तो सामना जिंकला. त्या संघात फिल फोडेन, मार्क गेही, कॅलम हडसन-ओडोई आणि कॉनर गॅलाघर हे खेळाडू होते. यांपैकी फोडेन मँचेस्टर सिटीचा. उरलेले तिघे लंडनच्या चेल्सी क्लबच्या अकादमीत लहानाचे मोठे झालेले. त्यानंतर सात वर्षे पूर्ण होण्याच्या आत चेल्सीने या तिघांनाही विकून टाकले. गेही २०२१ मध्ये क्रिस्टल पॅलेसकडे, हडसन-ओडोई २०२३ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे आणि गॅलाघर २०२४ मध्ये अ‍ॅटलेटिको माद्रिदकडे गेला. गॅलाघरने तर त्याआधीच्या हंगामात बहुतेक सामन्यांत संघाचे नेतृत्व केले होते. २०२२ मध्ये नव्या अमेरिकी मालकांच्या हाती गेलेल्या याच क्लबने पुढच्या दोन-अडीच वर्षांत खेळाडूंच्या खरेदीवर मात्र एक अब्ज पौंडांहून अधिक रक्कम ओतली. घरची मुले दाराबाहेर काढावयाची आणि बाहेरची मुले सोन्याच्या भावाने घरात आणावयाची, हा व्यवहार वरवर पाहता वेडेपणाचा वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे पक्का हिशेब आहे, आणि चिंतेची बाब आहे ती हीच.

हा हिशेब समजून घेण्यास लेखापालाची पदवी लागत नाही. एखाद्या क्लबने दहा कोटी पौंड मोजून पाच वर्षांच्या कराराने खेळाडू घेतला, तर ती सर्व रक्कम त्या वर्षाच्या खर्चात पडत नाही. ती करारातील वर्षांत विभागली जाते आणि दरवर्षी दोन कोटीच खर्ची पडतात. विक्रीचा नियम वेगळा आहे. खेळाडू विकून आलेल्या रकमेतून त्याची वहीतील शिल्लक किंमत वजा केली की उरलेला सर्व पैसा त्याच वर्षीचा नफा ठरतो. अकादमीत वाढलेल्या मुलाची वहीतील किंमत शून्य असते, कारण त्याला कोणाकडून विकत घेतलेले नसते. म्हणजे तो चार कोटींना विकला गेला की चारही कोटी निव्वळ नफा. विकत आणलेला, अपेक्षाभंग केलेला खेळाडू विकावा तर बहुधा तोटाच पदरी येतो. अशा स्थितीत अडचणीतील क्लबचा हात प्रथम कोणावर पडणार, हे सांगावयास नको.

या मोहाला धार आली ती काटकसरीच्या नियमांमुळे. क्लबांनी आपल्या ऐपतीबाहेर खर्च करू नये, या सद्‌हेतूने प्रीमियर लीगने तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटी पौंडांहून अधिक तोटा होता कामा नये, अशी मर्यादा घातली. प्रारंभी या नियमाचा कोणी धसका घेतला नव्हता. परंतु २०२३-२४ च्या हंगामात एव्हर्टनचे दोन वेळा मिळून आठ आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार गुण कापले गेले आणि सर्वांचे डोळे उघडले. फॉरेस्टची कथा तर बोलकी आहे. ब्रेनन जॉन्सन हा नॉटिंगहॅममध्येच जन्मलेला, वडीलही त्याच क्लबकडून खेळलेले. हा घरचा मुलगा ३० जून २०२३ पूर्वी विकला असता तर क्लब नियमात बसला असता. अधिक किंमत यावी म्हणून क्लब सप्टेंबरपर्यंत थांबला आणि त्याचे प्रायश्चित्त त्याला घ्यावे लागले. पुढच्याच वर्षी, जूनअखेरची मुदत संपत असताना, न्यूकॅसलने आपल्या परिसरातच जन्मलेल्या आणि आपल्याच अकादमीत शिकलेल्या एलियट अँडरसनला याच फॉरेस्टच्या हवाली केले. सव्वा वर्षाच्या आतच तो इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात दिसू लागला. २०२३ च्या उन्हाळ्यात मँचेस्टर सिटीने वाढविलेला कोल पामर चेल्सीत गेला आणि चेल्सीने वाढविलेला मेसन माउंट मँचेस्टर युनायटेडमध्ये. प्रत्येक विक्रीमागे कराराची मुदत, पगारावरील मतभेद अशी अन्य कारणेही असतील. तथापि, सगळ्या प्रवाहाची दिशा एकच असावी, हा योगायोग म्हणता येणार नाही.

यातील विसंगती अशी की, अकादमीवर होणारा खर्च तोट्याच्या या हिशेबातून मुद्दाम वगळण्यात आला होता. क्लबांनी मुले घडवावीत, हाच त्यामागचा उद्देश. परंतु मुलगा घडविण्यासाठी सवलत आणि तो विकल्यास पूर्ण नफा, पण तो संघात ठेवल्यास मात्र काहीच नाही, अशी व्यवस्था झाल्यावर अकादमीची रोपवाटिका होते. माळी रोपे प्रेमाने वाढवितो, पण ती दुसऱ्याच्या अंगणात लागावयाची असतात.

येथे जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा मोह आवरला पाहिजे. १९६७ मध्ये ग्लासगोच्या सेल्टिकने लिस्बनमध्ये इंटर मिलानला हरवून युरोपीय चषक जिंकला, तेव्हा त्याचे सर्व खेळाडू ग्लासगोच्या तीस मैलांच्या परिसरात जन्मलेले होते. ही गोष्ट आजही अभिमानाने सांगितली जाते आणि ती सांगण्यासारखीच आहे. परंतु त्या काळची निष्ठा ही पुष्कळदा नाइलाजाची निष्ठा होती. इंग्लंडमध्ये १९६१ पर्यंत कोणत्याही खेळाडूला आठवड्याला वीस पौंडांहून अधिक पगार देण्यास बंदी होती, आणि करार संपल्यावरही क्लब त्याला अडकवून ठेवू शकत असे. जॉर्ज ईस्टहॅमने न्यायालयात जाऊन १९६३ मध्ये या पद्धतीला खिंडार पाडले. पुढे बेल्जियमच्या बॉसमन या खेळाडूच्या दाव्यात १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने करार संपलेल्या खेळाडूला मोबदल्याविना दुसरीकडे जाण्याचा हक्क दिला आणि युरोपीय समुदायातील नागरिकांवरील संख्येची बंधनेही रद्द ठरविली. श्रमिकाला आपले श्रम हवे तेथे विकता यावेत, हे तत्त्व ज्यांना मान्य आहे त्यांनी या निर्णयाबद्दल हळहळण्याचे कारण नाही. आजची तक्रार वेगळी आहे. पूर्वी मुलाला जावयाचे असे आणि क्लब जाऊ देत नसे. आज मुलाला राहावयाचे असते आणि क्लबची वही त्याला राहू देत नाही. दोन्ही वेळी त्याच्या इच्छेला किंमत नसते, एवढे साम्य मात्र कायम आहे.

यावर नियमांचा उतारा शोधण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. युरोपीय फुटबॉल महासंघाने २००६ पासून टप्प्याटप्प्याने पंचवीस जणांच्या चमूत आठ 'स्वदेशी घडणीचे' खेळाडू असावेत, असे बंधन आणले. प्रीमियर लीगने २०१० मध्ये तसाच नियम केला. परंतु या व्याख्येत जन्म वा राष्ट्रीयत्व येत नाही. एकविसाव्या वर्षापूर्वी तीन हंगाम त्या देशातील क्लबांत काढले की पुरे. सोळाव्या वर्षी बार्सिलोनाहून आर्सेनलमध्ये आलेला सेस्क फॅब्रेगास त्यामुळे इंग्लंडच्या घडणीचा ठरू शकला. शिवाय एका क्लबचा घरचा मुलगा दुसऱ्या क्लबच्या यादीतही 'घरचा' म्हणूनच मोजला जातो. त्यामुळे त्याची बाजारातील किंमत वाढते आणि विक्रीचा मोहही वाढतो. रोगावरचे औषधच रोगाला खतपाणी घालीत आहे.

स्पेनमधील बिल्बाओचा अ‍ॅथलेटिक क्लब हे या अंधारातील दिवट्यासारखे उदाहरण. बास्क प्रदेशात जन्मलेल्या वा घडलेल्या खेळाडूंनाच घ्यावयाचे हा त्याचा दंडक. रिअल माद्रिद आणि बार्सिलोना यांच्याखेरीज स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून कधीही खाली न उतरलेला हा एकच क्लब. त्याने २०२४ मध्ये चाळीस वर्षांनी राजचषक जिंकला, तेव्हा संघात घानाहून आलेल्या आईबापांचे, पण त्याच मातीत वाढलेले दोन विल्यम्स बंधू होते. घरचेपणा रक्ताचा नसतो, संगोपनाचा असतो, हे यावरून दिसते. अर्थात बिल्बाओमागे एका प्रदेशाची अस्मिता उभी आहे आणि क्लबची मालकी त्याच्या सदस्यांकडे आहे. सर्वांना तो कित्ता गिरविता येईल, असे मानणे भाबडेपणाचे होईल.

म्हणून उपाय व्यवहारातच शोधला पाहिजे. २०२६-२७ च्या हंगामापासून तोट्याच्या मर्यादेऐवजी संघावरील खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत बसविण्याचा नियम प्रीमियर लीगच्या क्लबांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये स्वीकारला. परंतु घरच्या मुलाची वहीतील किंमत शून्यच राहणार असल्याने मूळ मोह कायम राहतो. तेव्हा क्लबने स्वतः घडवून पहिल्या संघात ठेवलेल्या खेळाडूच्या पगाराचा काही भाग या खर्चातून वगळावा आणि त्याच्या विक्रीचा नफा मात्र अंशतःच जमेस धरावा. आज विकणाऱ्याला बक्षीस मिळते. ते राखणाऱ्याला मिळू लागेल. अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमध्ये घरच्या काही खेळाडूंचे पगार खर्चमर्यादेबाहेर ठेवण्याची सोय आहेच. हा विचार अगदी अनोखा नव्हे.

फुटबॉलच्या बाजारात पैसा येणारच, आणि खेळाडूने आपल्या गुणांची किंमत घ्यावी यात गैर काही नाही. पण सातव्या-आठव्या वर्षी ज्या मुलाच्या अंगावर क्लबने आपला सदरा चढविला, तो विसाव्या वर्षी चांगला खेळू लागला म्हणूनच विकावा लागत असेल, तर त्या व्यवस्थेत कोठेतरी मोठी खोट आहे. प्रेक्षक शनिवारी मैदानावर जातो तो ताळेबंद वाचण्यासाठी नव्हे. आपल्या गल्लीतला एक मुलगा तेथे खेळतो आहे, हे पाहण्यासाठी तो जातो. तो मुलगाच तेथे उरला नाही, तर वहीतील नफा शाबूत राहील. क्लब मात्र नावापुरताच उरेल.