नक्कल विका, पण नक्कल म्हणूनच विका

जहांगीर बादशहाचं फर्मान मिळाल्यावर इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने १६१३ साली सुरतेत वखार घातली. तेव्हापासून लंडनला जाणारी महत्त्वाची पत्रं एकाहून अधिक वेळा लिहिली जात. समुद्राचा भरवसा नव्हता. एखादं जहाज बुडालं किंवा लुटलं गेलं तरी मजकूर पोचावा, म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या जहाजाने रवाना होई. कंपनीच्या नोकरीतल्या अगदी खालच्या हुद्द्याचं नावच ‘रायटर’ होतं. पत्रं आणि हिशेब यांच्या नकला उतरवून काढणं हे या पोरसवदा रायटरांचं रोजचं काम. मूळ पत्र आणि त्याची ‘डुप्लिकेट’ यांत लपवाछपवी कसलीच नव्हती. दुसरी प्रत दुसरी म्हणूनच निघे आणि तशीच वाचली जाई.

आज त्याच सुरतेत एखाद्याच्या मालाला ‘डुप्लिकेट’ म्हणून बघा, भांडणच जुंपेल. शब्दाने असं तोंड का फिरवलं, ते त्याच्या मुळाशी गेलं की कळतं. लॅटिनमध्ये ‘दुओ’ म्हणजे दोन आणि ‘प्लिकारे’ म्हणजे घडी घालणं. डुप्लिकेट म्हणजे दुहेरी केलेलं. ‘ड्युप्लिसिटी’ म्हणजे दुटप्पीपणा, तोही याच घडीतून निघाला. घडी उलगडून दाखवली तर ती प्रत होते आणि आत काही दडवलं तर लबाडी होते.

‘कॉपी’चं मूळ तर फार सुंदर आहे. लॅटिन ‘कोपिया’ म्हणजे विपुलता, रेलचेल. मध्ययुगात हाच शब्द ग्रंथाची प्रत उतरवण्यासाठी वापरात आला. एकाच्या पेटीत असलेला ग्रंथ प्रती निघाल्या की दहा जणांचा होतो. ‘काउंटरफीट’ म्हणजे आज बनावट माल. पण जुन्या इंग्रजीत माणसाच्या हुबेहूब चित्रालाही तोच शब्द चाले. आणि आपण उठता-बसता ‘डिट्टो’ म्हणतो, तो इटलीच्या टस्कनी भागातला. अर्थ ‘सांगितलेलं’, म्हणजे वर सांगितलं तेच पुन्हा.

आपली ‘नक्कल’ अरबीतून आली. तिथे मूळ अर्थ एका जागेहून दुसरीकडे नेणं. सातबाऱ्याची नक्कल आपण कचेरीतून काढून आणतो, तिच्यावर सही-शिक्का असतो आणि ती कोर्टातही चालते. तिला कोणी खोटी म्हणत नाही, कारण आपण नक्कल आहोत हे ती स्वतःच सांगते. मला वाटतं, नकलेचा सगळा न्याय एवढ्यात येतो.

सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापड मार्केटात मी हिंडते तेव्हा ‘कोपिया’चा अर्थ डोळ्यांनी दिसतो. गठ्ठ्यांवर गठ्ठे, हातगाड्यांवर रचलेली पार्सलं, आणि आज चाललेलं डिझाइन बघता बघता शेजारच्या दहा दुकानांत. या रेलचेलीमागे आपली माणसं आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारहून ताप्तीच्या काठाकाठाने येणाऱ्या रेल्वेने आमची खानदेशी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या इथे उतरली आणि लिंबायत, उधना, डिंडोलीत राहिली. पुरुष यंत्रमागावर आणि डाइंग मिलमध्ये. बाया घरी बसून साड्यांचे दोरे कापतात, टिकल्या आणि खडे चिकटवतात. यांच्या घरातल्या हळदीला, लग्नाला मोर-पोपटांच्या पदराची साडी नेसली जाते ती यंत्रावरचीच. हातमागावरची अस्सल पैठणी विणायला आठवडे, कधी महिने लागतात. तिची किंमत या घरांना झेपणारी नाही. त्या नक्षीचा आनंद यंत्राने त्यांच्यापर्यंत आणला, याबद्दल नाक मुरडण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तक्रार आहे ती नावाबद्दल. तीच साडी बाजारात ‘सेमी पैठणी’ म्हणून निघते, पुढच्या दुकानात ‘सेमी’ गळतं आणि शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत ती ‘प्युअर पैठणी’ होऊन पोचते. ओळखण्याची खूण साधी आहे. काउंटरवर अस्सल आणि यंत्रावरची, दोन्ही साड्यांचे पदर पालथे घालून बघा. हातमागाच्या पैठणीत रंगीत बाण्याचे धागे प्रत्येक आकाराच्या कडेला एकमेकांत गुंतवून विणलेले असतात. त्यामुळे मुनिया म्हणजे पोपट उलट्या बाजूनेही तेवढाच नीट दिसतो, चोच आणि पंख सुद्धा. जॅकार्डवरच्या नकलेत मागे धागे लोंबकळताना दिसतात किंवा कापलेली टोकं बोटांना लागतात. छापील साडीचा तर मागचा रंगच फिका पडतो.

गंमत अशी की येवल्याच्या अस्सल पैठणीची जरसुद्धा सुरतेचीच. चांदीची तार ओढून ओढून केसासारखी बारीक करायची, ठोकून चपटी करायची, रेशमी दोऱ्यावर गुंडाळायची आणि वर सोन्याचा मुलामा द्यायचा, ही खरी जर. चांदीच्या जागी तांबं आलं आणि त्यावर चांदीचा मुलामा चढला की ती इमिटेशन. पॉलिस्टरच्या फिल्मवर धातूचा थर देऊन कातरलेली ती प्लास्टिकची जर. तिन्ही सुरतेत बनतात, तिन्हींचे भाव वेगळे, आणि जरवाला दुसऱ्या व्यापाऱ्याला कोणती कुठली हे तोंडावर सांगतो. म्हणजे खरं नाव घेऊन धंदा करायची सवय या शहराला आहे. ती सवय गिऱ्हाइकापर्यंत येताना मध्येच कुठेतरी गळते.

कायदा आहे, पण त्यालाही भोकं आहेत. १९८५ च्या कायद्याने साडीसह काही वाण हातमागासाठी राखून ठेवले. पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळालं. डिझाइन कायद्याखाली नोंदणी केली तर नक्षीला दहा वर्षं आणि पुढे पाच वर्षं संरक्षण मिळतं. पण नोंदणी केलीच नाही, आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने त्या नक्षीचे पन्नासहून जास्त नग यंत्रावर निघाले, की कॉपीराइट कायद्याच्या पंधराव्या कलमानुसार तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. नोंदणीच्या खटपटीत न पडणाऱ्या छोट्या विणकराला आणि डिझायनरला हे कलम ठाऊकही नसतं.

आता याच शहरातल्या हिरेबाजाराकडे बघा. लॅबमध्ये वाढवलेला हिरा खाणीतल्या हिऱ्यासारखाच, कार्बनचाच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ साली हिऱ्याच्या व्याख्येतून ‘नैसर्गिक’ हा शब्द काढला. पण लॅबचा हिरा विकताना तसं स्पष्ट सांगण्याची सक्ती कायम ठेवली. तपासणी झालेल्या अशा हिऱ्याच्या कडेवर तो लॅबमधला असल्याची अक्षरं बहुधा लेसरने कोरलेली असतात, भिंगाखाली वाचता येतात. २०२३ साली पंतप्रधानांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरटचा हिरा भेट दिला तो लॅबमधलाच होता, आणि तसं जाहीरही केलं होतं. नाव खरं सांगितल्याने त्या भेटीचा मान कणभरही कमी झाला नाही.

इतक्याशा हिऱ्याच्या कडेवर जे लिहिता येतं ते साडेपाच मीटर साडीच्या काठावर लिहिता येणार नाही, असं कसं म्हणायचं? सुरतेच्या व्यापाऱ्यांना माझं मागणं एवढंच आहे: ‘यंत्रमाग, पॉलिस्टर, पैठणी नक्षी’ असं काठाच्या टोकाला छापा. तुमचा माल त्याने पडून राहणार नाही, कारण तो घेणारीला त्याची किंमत आणि तिची ऐपत दोन्ही ठाऊक असतात. आणि येवल्याच्या विणकराला त्याच्या महिनाभराच्या कामाचा भाव मागताना लाज वाटणार नाही.

तुम्हीही एवढं करा. लग्नसराईची खरेदी कराल तेव्हा पदर पालथा घालून बघा, हँडलूम मार्क आहे का ते विचारा, आणि हातमाग की यंत्रमाग, रेशीम की पॉलिस्टर, जर कोणती, हे बिलावर लिहून घ्या. दुकानदार लिहून द्यायला तयार नसेल तर साडी तिथेच ठेवून पुढच्या दुकानात चला.