रात्री ‘तो डबा’ बंद करणाऱ्यांना

आमच्या नातेवाइकांत सध्या दोन तट पडले आहेत. झोपण्याआधी इंटरनेटचा डबा बंद करणारे आणि चालू ठेवणारे. डबा म्हणजे राऊटर, मोडेम, जे काही तुमच्या भिंतीवर लुकलुकत असेल ते. आमच्याकडे सगळ्यालाच डबा म्हणतात. बंद करणाऱ्यांत वयाने मोठी माणसं जास्त, त्यामुळे तोंडावर वाद घालायची सोय नाही. म्हणून इथे लिहितोय. इथे निदान वाक्य अर्ध्यावर असताना कुणी “आधी जेवून घे” म्हणत नाही :)

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या घरात माणूस झोपलंय, त्या घरातला डबा रात्री बंद करायचा नाही. त्यातून घर मावळातलं असेल, दिवस पावसाळ्याचे असतील आणि घरात एकटं म्हातारं माणूस असेल, तर मुळीच नाही. कारण तो डबा आता घरातला टेलिफोन आहे.

जुना तांब्याच्या तारेचा फोन आठवा. लोणावळ्यात वीज दोन-दोन दिवस गेली तरी (तारच तुटली नसेल तर) रिसीव्हर उचलला की टोन यायचा. कारण त्या फोनला घरची वीज लागतच नव्हती. ती एक्स्चेंजमधून त्याच तारेतून यायची, ४८ व्होल्टची, आणि एक्स्चेंजात तिच्यामागे बॅटऱ्यांची रांग असायची. आता घरोघर फायबर आलं. नंबर तोच जुना, कित्येकांकडे फोनही तोच जुना, पण त्याची वायर खोचलीय डब्याच्या पाठीत. फायबर म्हणजे काचेचा तंतू. त्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही. डब्याचं बटण खाली केलं की फोन मेला. आणि हे रिसीव्हर उचलेपर्यंत कळत नाही.

“मग मोबाइल कशाला आहे?” असं लगेच विचारलं जातं. ज्यांनी विचारलं त्यांनी लोणावळ्यात आमच्या आत्याच्या घरी जुलैत एक रात्र राहून बघावं. जुनं दगडी घर, दीड हाताच्या भिंती, मागे डोंगर. मोबाइलला रेंज मिळते ती ओट्यावर, तीही मूड असला तर. एअरटेल आणि जिओ यांनी २०१९ च्या डिसेंबरापासून २०२० च्या जानेवारीपर्यंत वाय-फायवरून साधे फोन करायची सोय आणली, तेव्हापासून तिचा मोबाइल घरात वाजायला लागला. म्हणजे तोही डब्यावरच. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. रात्री दहाला देवाजवळचा दिवा शांत झाला की ती डबा बंद करते आणि सकाळी सहाला चालू करते. मधले आठ तास तिला कुणाला फोन करता येत नाही आणि तिला कुणाचा येत नाही. रात्री दोनला चक्कर आली, तर छत्री घेऊन ओट्यावर जायचं? मुलगा न्यू जर्सीत, त्याचा दिवस म्हणजे हिची रात्र. त्यानेही विचारायचं कुणाला?

ही सवय आली कुठून, तर मीटरमधून. १९९५ साली व्हीएसएनएलने इंटरनेट आणलं तेव्हा तासावर पैसे, वर टेलिफोनचं बिल वेगळं. आणि नेट चालू असलं की फोन एंगेज. “बंद कर ते, कुणाचा फोन येत असेल!” हे वाक्य ज्या घरात ऐकलं नाही असं घर मला दाखवा. २००५ साली बीएसएनएलचं डेटावन आलं, तिथेही एमबी मोजून. काही प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ फुकट असायचं, म्हणून पोरं गजर लावून उठायची, पण ते असो. गंमत बघा. तेव्हा फोन यावा म्हणून नेट बंद करायचो. आता नेट बंद केलं की फोन येत नाही. हात मात्र अजून त्याच बटणाकडे जातो.

आता विजेचं. डबा साधारण दहा वॅट खातो. रोज आठ तास बंद ठेवला तर महिन्याला वाचले २.४ युनिट. युनिटला दहा रुपये धरा, चोवीस रुपये. त्याच घरात दोन हजार वॅटचा गिझर रोज तासभर चालला तर महिन्याला साठ युनिट जातात, त्याला कुणी हात जोडून विनंती करत नाही. (आणि वळवणचं पाणी १९१५ पासून खोपोलीला उतरून मुंबईचे दिवे लावतंय. वीज वाचवण्याचे धडे लोणावळेकरांना देणाऱ्या मुंबईच्या मामांनी हे लक्षात ठेवावं.)

“यंत्रालाही विश्रांती हवी” हा आत्याचा लाडका मुद्दा. पण डब्यात झिजणारा, धापा टाकणारा भागच नसतो. त्याला लागते हवा. तेव्हा त्याच्यावरचा क्रोशाचा रुमाल तेवढा काढा. शिवाय लोणावळ्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येऊ नये म्हणून आत झिरोचा बल्ब लावून ठेवायची पद्धत याच आत्याने आम्हाला शिकवली. चालू डबा तसाच जरा कोमट राहतो, ओल धरत नाही. बंद, गार डब्यात दमट हवा बसते.

हॅकर्सची भीती खरी आहे, पण उपाय चुकीचा. २०१७ च्या जुलैत बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे मोडेम व्हायरसने आडवे केले, कारण आतला पासवर्ड कंपनीने दिला तोच ठेवलेला. तो बदलायचा. रात्री डबा बंद करून दिवसभर तसाच चालवणं म्हणजे दिवसा दार सताड उघडं टाकून रात्री कडी घालणं. रेडिएशनवाल्यांना एवढंच सांगतो, की रेंज नसलेला मोबाइल टॉवर शोधायला जास्त जोर लावतो, आणि तो तुमच्या उशाशी असतो.

एका मुद्द्यावर मात्र मोठ्या माणसांचं शंभर टक्के बरोबर आहे. विजा. आमच्याकडे विजांचे दिवस म्हणजे मे-जूनचा वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस. जुलैची संततधार बहुधा मुकाट पडते. वळवाचं आभाळ भरून आलं की डबा काढाच. पण काढा म्हणजे पिन उपसून काढा. बटणातली मिलिमीटरभर फट कडाडणाऱ्या विजेला काय अडवणार! आणि गडगडाट डोक्यावर यायच्या आत. काचेतून वीज येत नाही हे खरं, पण अ‍ॅडॉप्टरमधून येते, आणि खांबावरून आलेल्या काही फायबर केबलींत मजबुतीसाठी पोलादी तारही असते. पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपास वीज पडत असेल तर सांगतं. (त्याला नेट लागतं, हसू नका.) गडगडाट थांबल्यावर पिन परत लावायची, एवढंच. तासाभराची गोष्ट आहे, तिचा रोज रात्रीचा नेम कशाला?

आणि शनिवार-रविवारपुरते उघडणारे बंगले? तिथे जरूर बंद करा, मेन स्विचसकट. तुंगार्लीत पाच दिवस रिकाम्या सोफ्यासाठी वाय-फाय चालू असतं, ते मला खरंच कळत नाही. कॅमेरा असेल तर गोष्ट वेगळी.

उरला प्रश्न, वीजच गेली तर. डब्यापुरता छोटा यूपीएस मिळतो, पुस्तकाएवढा. अ‍ॅडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात ते जुळवून घ्यायचा. एक्स्चेंजपासून घरापर्यंतच्या फायबरला बहुतेक ठिकाणी मध्ये वीज लागत नाही, त्यामुळे दोन्ही टोकं जिवंत असली की फोन लागतो. भाचे, पुतणे, सुना, जे कुणी गणपतीला गावी जाताय, त्यांनी एक करा. भर दिवसा घरचा मेन स्विच पाडा, म्हाताऱ्या माणसाच्या हातात रिसीव्हर द्या, आणि तुमचा नंबर लावायला सांगा.