टॅरॅन्टुला, हॉस्टेल आणि मी

मागच्या वर्षी आमच्या विंगमध्ये एक पाहुणा राहून गेला. रेक्टर सरांना त्याचा पत्ता लागला नाही. (आता लागेल. सॉरी सर!) आठ पाय, काळं केसाळ अंग आणि प्रत्येक पायाचं टोक गुलाबी, जणू कोणीतरी नेलपॉलिश लावून सोडलंय. आमच्या एका सीनियरने तो कुठूनतरी मागवला होता, कागदपत्रं वगैरे काही नव्हती. नाव ॲव्हिक्युलेरिया ॲव्हिक्युलेरिया, मूळ गाव दक्षिण अमेरिका, सध्याचा पत्ता लोणच्याची रिकामी बरणी.

याला मराठीत काय म्हणतात म्हणून मी आजीला फोन केला.

"कोळी," आजी म्हणाली.

"अगं पण तळहाताएवढा आहे!"

"मग मोठा कोळी."

विषय संपला. असो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचं नाही ते थेट विनोदांच्या पानावर जायला मोकळे. हॉस्टेलच्या रूममध्ये टॅरॅन्टुला पाळू नये. पण त्याचं कारण "ई, किळस!" हे नाही. उलट मला तो प्रचंड आवडला होता. रात्री लाइट बंद केला की तो बरणीच्या काचेवर सावकाश पाय टाकत वर चढायचा आणि आम्ही तिघं सबमिशन सोडून बघत बसायचो. या जातीच्या नावामागची गोष्टही भारी आहे. मारिया सिबिला मेरियन नावाच्या चित्रकर्तीने १७०५ साली सुरिनामवरच्या आपल्या पुस्तकात झाडावरचा कोळी हमिंगबर्ड खातोय असं चित्र काढलं. पुढे १७५८ मध्ये लिनियसने त्याला पक्ष्यांवरूनच नाव देऊन टाकलं. प्रत्यक्षात आमचा पाहुणा आठवड्याला एक रातकिडा खाऊन तृप्त असायचा.

तर सीनियर प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूंसाठी तीन आठवडे बाहेर गेला आणि बरणी माझ्या टेबलावर आली. मी डोकं चालवलं. ॲमेझॉनच्या बाजूचा प्राणी, म्हणजे रेनफॉरेस्ट, म्हणजे ओलावा! झाकणाला चार भोकं होती, तीही कंपासच्या टोकाने पाडलेली. तळाशी ओला कापूस ठेवला आणि इस्त्रीवाल्या स्प्रेने सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला लागलो. काच आतून धुरकट झाली की मला समाधान वाटायचं.

तिसऱ्या आठवड्यात तो वरचं जाळं सोडून खाली येऊन बसला. दोन दिवसांनी पाय पोटाखाली मुडपलेले दिसले. पार्टनर म्हणाला, कात टाकत असेल. पण कात टाकताना टॅरॅन्टुला बहुतेक वेळा उताणा पडतो (तेव्हा मेला समजून लोक जिवंत प्राणी फेकून देतात). आमचा उताणा नव्हता. कोळ्याच्या पायाच्या मुख्य सांध्यांमध्ये पाय आत ओढणारे स्नायू असतात, पण बाहेर ताणणारे नसतात. पाय उघडतो तो शरीरातल्या द्रवाच्या दाबाने. थोडक्यात, हायड्रॉलिक्स. दाब गेला की आठही पाय आपोआप आत वळतात. फ्लुइड मेकॅनिक्सला बऱ्यापैकी मार्क मिळवलेला मी, आणि हे मला त्याच्या मरणानंतर वाचून कळलं.

चूक काय झाली, तर मी जंगलातला पाऊस तेवढा लक्षात ठेवला, वारा विसरलो. हे कोळी झाडावर उंच, सालीमागे किंवा पानांच्या बेचक्यात रेशमी नळी विणून राहतात. पाऊस येतो, वारा सुटतो, सगळं सुकतं. दमट आणि कोंडलेली हवा त्यांना मारते, नुसती दमट नाही. सीनियरला मी फोनवर सांगितलं तेव्हा तो काही क्षण गप्प होता. मग म्हणाला, "जाऊ दे रे, तुझा काय दोष." दोष माझाच होता. स्प्रे माझ्याच हातात होता.

मग घर कसं हवं होतं? मोठ्या कोळ्याला साधारण एक फूट उंचीचा आणि त्याहून कमी रुंदीचा उभा डबा. झाडावरच्या प्राण्याला उंची लागते, जमीन नाही. आत उभी टेकवलेली सालीची फळी, म्हणजे तिच्या मागे तो नळी विणेल. तळाला नारळाच्या काथ्याचा भुसा, एका कोपऱ्यात पाण्याची वाटी. आणि जाळीची भोकं झाकणाला नाही, बाजूंना. एका बाजूला खाली आणि समोरच्या बाजूला वर, म्हणजे हवा आरपार फिरेल. पाणी एखाद्या कोपऱ्यात थोडंसं मारायचं आणि सुकू द्यायचं. वर्कशॉपमधल्या उरलेल्या ॲक्रिलिकच्या तुकड्यांतून हे एका दुपारी होईल. देखभाल तुळशीच्या कुंडीपेक्षा कमी.

नेमकी इथेच फसगत होते. डबा सोपा आहे म्हणून प्राणी पाळणं सोपं वाटतं. पण मेसमधलं झुरळ खायला द्याल तर ते पेस्ट कंट्रोलच्या औषधासकट पोटात जाईल. दिवाळीच्या सुट्टीत, पीएलमध्ये, इंटर्नशिपला तो कोणाकडे ठेवणार? घरी नेलात तर आई तुम्हाला आत घेईल, त्याला नाही. शिवाय बऱ्याच जातींच्या माद्या दहा-बारा वर्षं जगतात. आपली डिग्री चार वर्षांची. (एटीकेटी धरून पाच.) म्हणजे हा प्राणी पुढे कोणाच्या तरी गळ्यात मारायचा, हे घेतानाच ठरलेलं असतं.

हे सगळं एका ज्युनियरला सांगत होतो तर तो म्हणाला, "मग परदेशी कशाला? आपला देशी निळा आहे ना, तो मिळवू." हे ऐकून मात्र माझं डोकं फिरलं.

तो निळा म्हणजे पोसिलोथेरिया मेटॅलिका. १८९९ मध्ये पोकॉकने त्याचं वर्णन केलं, ते आंध्रातल्या गुत्ती इथल्या रेल्वेच्या लाकूड-वखारीत सापडलेल्या एका नमुन्यावरून. पुढे शंभर वर्षं तो कोणाला दिसला नाही. बहुधा लाकडांबरोबर रेल्वेनेच गुत्तीला आला असावा, कारण २००१ मध्ये तो सापडला तो तिथून बराच लांब, नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात. आणि काही वर्षांतच युरोप-अमेरिकेत लोक तो विकत घेऊ लागले. आज आययूसीएनच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. त्याचं ज्ञात क्षेत्र १०० चौरस किलोमीटरपेक्षा कमी, तेही तुटत चाललेलं जंगल. हे कोळी जुन्या झाडांच्या ढोलीत राहतात. झाड गेलं की पत्ता गेला.

पाळणारे म्हणतात, आम्ही डब्यात पिल्लं काढतो, त्यामुळे जंगलातून पकडायची गरजच उरत नाही. हे अर्धं मला पटतं. तिकडे या निळ्याची पैदास खरंच भरपूर होते. पण त्यातून गिद्दलूरच्या जंगलात एक झाडही वाढलेलं नाही. आणि आपल्याकडे "देशी मिळवतो" म्हणणारा माणूस पिल्लं काढत नाही, तो काठी घेऊन झाडाची साल उचकटतो. कोळी जातोच, पुढच्या कोळ्याची जागाही जाते. कायद्याचं म्हणाल तर ही संपूर्ण प्रजाती २०१९ पासून साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्या वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून अशा यादीतला प्राणी जवळ असेल तर नोंदणी करावी लागते. "मला माहीत नव्हतं" हे उत्तर व्हायव्हाला चालत नाही, तिथेही चालणार नाही.

शिवाय हा निळा आमच्या गुलाबी पायवाल्यासारखा गरीब नाही. पोसिलोथेरिया विजेसारखे पळतात आणि चावले तर स्नायूंना जबरदस्त पेटके येतात, कधीकधी काही दिवसांनी पुन्हा. यावर प्रतिविष नाही. हॉस्टेलच्या दवाखान्यात पोटदुखीला आणि पायदुखीला एकच गोळी मिळते हे आपण सगळे जाणतोच.

याच प्रजातीचा आणखी एक कोळी आहे, पोसिलोथेरिया हनुमाविलासुमिका. २००४ मध्ये त्याचं वर्णन झालं, रामेश्वरमच्या एका देवळाच्या राखलेल्या झाडीतून, आणि नावही त्या देवळाचंच. तोही अतिसंकटग्रस्त आहे. पण त्याला तिथे जागा मिळाली ती कोणी डबा बनवला म्हणून नाही, देवाची झाडं तोडायची नाहीत म्हणून. आपल्याकडच्या देवराया याच कारणाने उभ्या आहेत. टॅरॅन्टुला बघायची एवढी हौस असेल तर पावसाळ्यात सह्याद्रीत रात्री बॅटरी घेऊन फिरा. बिळात आणि ढोलीत राहणारे, दोन्ही प्रकार पश्चिम घाटात आहेत. फक्त काडी घालू नका.

मेसच्या मागे ढोली असलेली जुनी चिंच आहे. पार्किंगसाठी ती पाडायची चर्चा आहे असं ऐकतो. मी दोनदा बॅटरी मारून बघितलं, टॅरॅन्टुला नाही. एक पिंगळा आहे आणि पुष्कळ पाली. तरी तोडू नका, एवढं या पानावरून प्राचार्य सरांना सांगून ठेवतो.

बरणी अजून माझ्याकडेच आहे. तीनदा धुतली. पार्टनरच्या आईने परवा कैरीचं लोणचं पाठवलं, तर पठ्ठ्याने ते स्टीलच्या डब्यातच ठेवलं.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल